साडेतीन हात आणि एकशे अठरा किलो

गेले चार महिने माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, एक फाइल पडून आहे. तीत पुण्यातल्या एका रुग्णालयाने दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक आहे, तपासण्यांची यादी आहे आणि चार पानी संमतिपत्र आहे. संमतिपत्रावर शस्त्रक्रियेचे नाव छापलेले आहे : लॅपरोस्कोपिक स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. खाली रुग्णाची माहिती : स्त्री, वय ४८, उंची १६० सेंटिमीटर, वजन ११८ किलो. त्याखाली दोन रेघा, एक माझ्या सहीसाठी आणि दुसरी साक्षीदाराच्या. दोन्ही कोऱ्या आहेत.

मी मराठी शिकवते. माणूस ज्या शब्दांत विचार करतो त्या शब्दांनीच त्याचा निर्णय अर्धाअधिक घडवलेला असतो, असे मी वर्गात पंचवीस वर्षे सांगत आले आहे. या चार महिन्यांत स्वतःवर वेळ आली तेव्हा ध्यानात आले की, माझ्या देहाविषयी बोलायला माझ्यापाशी शब्दांचे दोनच साठे आहेत. एक हसण्याचा आणि दुसरा दोष देण्याचा. डॉक्टरांनी तिसरा दिला, तो आकड्यांचा. या तिन्हींतून वाट काढत त्या कोऱ्या रेघेपर्यंत येता येते का, हे पाहण्यासाठी हे लिहीत आहे.

आपल्या परंपरेने देह मोजला तो लांबीने. साडेतीन हात. या मापात एक मोठी समता आहे, कारण ते ज्याच्या-त्याच्या हाताने घ्यायचे असते. उंच माणसाचा हात लांब, ठेंगण्याचा आखूड; त्यामुळे राजा असो की रंक, भरतो तो जवळपास साडेतीन हातच. वजनाचे तसे नाही. त्यासाठी बाहेरचा काटा लागतो आणि काटा म्हटला की तुलना आली. लहान मुलाला 'बाळसे' असते, त्याची दृष्ट काढतात. लग्नाच्या मुलीला 'अंगाने भरलेली' किंवा 'खात्यापित्या घरची' म्हणतात, पण ते एका मर्यादेपर्यंतच. पुढे ती 'सुटते'. 'फार सुटली गं' हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून ऐकले असेल! या क्रियापदाचा मी पुष्कळ विचार केला आहे. दावे तोडून गुरे सुटतात, ताबा सुटतो, तोल सुटतो. म्हणजे देह हे बांधून ठेवायचे जनावर आणि ते सुटले तर दोष राखणाऱ्याचा. एका क्रियापदात सगळा खटला चालवून निकालही दिलेला असतो.

लहानपणी मिरज स्टेशनवर वजनाचे ते यंत्र होते. रंगीत दिवे, आत फिरणारी चकती, नाणे टाकले की पुठ्ठ्याचे जाड तिकीट बाहेर पडायचे. एका बाजूला वजन आणि त्याच तिकिटावर भविष्य. मी दहा-अकरा वर्षांची असताना मामाने मला त्यावर उभे केले, तिकीट मोठ्याने वाचले आणि सगळे हसले. भविष्यात काय लिहिले होते ते आता आठवत नाही. आकडा आठवतो. वजन आणि भविष्य एकाच तिकिटावर छापलेले असते, ही समजूत मात्र त्या दिवसापासून मनातून गेली नाही. आता वाटते, ती फारशी चुकीचीही नव्हती.

दोष देणारी भाषा आजची नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या एकविसाव्या अध्यायाचे नावच 'अष्टौनिन्दितीय' आहे. देहामुळे निंदिले जाणारे आठ जण तिथे सांगितले आहेत : अति उंच, अति ठेंगणा, अंगभर केस असलेला, मुळीच केस नसलेला, अति काळा, अति गोरा, अति स्थूल आणि अति कृश. पहिल्या सहांबद्दल चरक पुढे फारसे बोलत नाही. स्थूल आणि कृश यांवर मात्र सविस्तर लिहितो. स्थूल माणसाचे आठ दोष तो मोजतो. आयुष्य कमी होणे, हालचाल मंदावणे, दुबळेपणा, घाम, अतिशय भूक, अतिशय तहान हे त्यांतले काही आहेत. कारणांमध्ये अतिभोजन, व्यायाम न करणे, दिवसा झोपणे हे अपेक्षित आहेच. चिंता न करणे हेही एक कारण दिले आहे. तेवढ्या एका आरोपातून तरी मी निर्दोष सुटेन. पण त्याच यादीत तो 'बीजस्वभाव' हा शब्द घालतो. म्हणजे काही जण बीजातूनच तसे येतात. शिवाय अति भूक हे तो स्थूलतेचे लक्षण म्हणूनही सांगतो, केवळ कारण म्हणून नव्हे. अध्यायाच्या नावात निंदा आहे, पण आतला वैद्य निंदेपाशी थांबत नाही. आपण नाव तेवढे उचलले आणि वैद्य तिथेच ठेवला.

आता हसणाऱ्या भाषेकडे वळते. इथे मला जपून बोलले पाहिजे, कारण त्या हसण्यात मीही सामील आहे. 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' मी अनेक वर्षे शिकवला. वजन कमी करण्याचा निश्चय आणि त्यावर चाळकऱ्यांचा सल्ल्यांचा भडिमार हे वाचताना वर्ग हसतो, मीही हसते. माझ्या आकाराच्या बाईने तो लेख शिकवावा यातला विनोद विद्यार्थ्यांना दिसतो हे मला कळते आणि मला कळते हे त्यांनाही कळते. दरवर्षी मी स्वतःवर एखादा शेरा मारून तो ताण मोकळा करते. पु.लं.ना मी दोष देत नाही. त्या लेखात थट्टा आहे ती निश्चयाची आणि शेजाऱ्यांची. पण जाड माणसाला फार लवकर एक गोष्ट शिकावी लागते : लोक हसायच्या आत आपण हसावे. ही कला मला इतकी साधली आहे की, मी तिला बरीच वर्षे माझा स्वभाव समजत होते.

इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या मित्रांना डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधला जो आठवत असेल. १८३६-३७ साली क्रमशः प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीत वॉर्डल यांच्या घरचा हा लठ्ठ पोऱ्या उभ्या-उभ्या झोपतो, घोरतो, आणि जेवणाची वेळ झाली की तेवढा जागा होतो. वाचकांच्या पिढ्या त्याला हसल्या. १९५६ साली बर्वेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध लिहिला. त्यांचा रुग्ण मोठ्या हुद्द्यावरचा गृहस्थ होता. पत्ते खेळताना त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले, आणि तो डाव लावायच्या आधीच झोपी गेला. त्यानंतर तो रुग्णालयात दाखल झाला. स्थूलतेमुळे श्वास अपुरा पडतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणूस दिवसाढवळ्या पेंगतो, असे त्या अवस्थेचे वर्णन करून डॉक्टरांनी तिला 'पिकविकियन सिंड्रोम' असे नाव दिले. डिकन्सने जे पाहिले ते अचूक होते. ते आजाराचे लक्षण आहे हे कळायला मात्र एकशेवीस वर्षे लागली, आणि तेवढा काळ लोक हसत राहिले.

हा प्रसंग मी एरवी साहित्य आणि वैद्यक यांच्या नात्याचे गमतीदार उदाहरण म्हणून सांगितला असता. पण माझी आई घोरत असे. आमच्या घरातला तो सर्वांत मोठा विनोद होता. पाहुणे आले की वडील म्हणत, 'रात्री मालगाडी जाईल, घाबरू नका.' मध्येच गाडी थांबायची, सगळे शांत व्हायचे, मग एक मोठा आवाज करून ती पुन्हा सुरू व्हायची. आम्ही भावंडे अंथरुणात तोंड दाबून हसायचो. आई दुपारी निवडता-टिपता बसल्या जागी डुलकायची. ताटात तांदूळ, हात तांदळात, आणि मान खाली. तिला साखरेचा आजार होता, गुडघे गेले होते, आणि वजन माझ्या आजच्या वजनाइतकेच असावे. एकसष्टाव्या वर्षी ती झोपेतच गेली. 'पुण्यवान म्हणून झोपेत मरण आलं,' असे आत्या म्हणाली आणि आम्हा सगळ्यांनाच ते पटले.

दोन वर्षांपूर्वी माझी झोपेची तपासणी झाली. रात्रभर अंगाला तारा लावून झोपायचे असते. अहवालात लिहिले होते की, तासाला सरासरी ४१ वेळा माझा श्वास अडतो किंवा मंदावतो. तीसच्या वर आकडा गेला की आजार तीव्र समजतात. डॉक्टर मुखवट्याच्या यंत्राबद्दल काय सांगत होते त्यातले मला निम्मेच ऐकू आले. मला मालगाडी ऐकू येत होती, आणि ती मध्येच थांबलेली असतानाचे आमचे हसू.

आकड्यांची भाषा मला सुरुवातीला परकी वाटली, पुढे तिच्यात आसरा वाटू लागला. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचे. माझा आकडा ४६ येतो. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात केतले या बेल्जियन गणितज्ञाने मांडले. तो 'सरासरी माणूस' शोधत होता, त्याला लठ्ठपणाशी काही कर्तव्य नव्हते. १९७२ साली अँसेल कीज यांनी त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. त्या आकड्याला स्नायू आणि चरबी यांतला भेद कळत नाही, आणि भारतीयांच्या बाबतीत धोका लवकर सुरू होतो म्हणून २००९ साली आपल्याकडच्या तज्ज्ञांनी मर्यादा खाली आणल्या : २५ पासून स्थूलता, आणि इतर आजार असतील तर ३२.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार. विमा नियामकांच्या प्रमाणित अटींत मात्र ४०, किंवा गंभीर आजार जोडीला असल्यास ३५, अशी रेघ आहे. मी कोणत्याही रेघेच्या बरीच पलीकडे आहे. आकडा मला हसत नाही आणि रागावतही नाही, एवढे त्याचे उपकार.

शस्त्रक्रियेत काय करतात हे मला आता पाठ आहे. पोटावर चार-पाच छोटी छिद्रे पाडून दुर्बिणीतून जठराचा बाहेरचा वक्र भाग, सुमारे पाऊण ते ऐंशी टक्के, कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची एक नळी. काढलेला भाग पुन्हा जोडता येत नाही. केवळ पिशवी लहान होते म्हणून वजन उतरते, असे मला वाटत होते. पण खरे काम आणखी कुठेतरी घडते. जठराच्या ज्या वरच्या फुगीर भागातून भुकेचा निरोप मेंदूला जातो तोच भाग निघून जातो. घ्रेलिन हे त्या निरोप्याचे नाव. जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा यांनी १९९९ मध्ये तो शोधला. वजन उतरू लागले की एरवी शरीर भूक वाढवून आणि ऊर्जेचा खर्च कमी करून ते परत मिळवू पाहते. शस्त्रक्रियेनंतर हा प्रतिकार बराच मवाळ होतो.

याची प्रचिती मला शस्त्रक्रियेआधीच आली. २०२५ मध्ये, मार्चपासून टिर्झेपटाइड आणि जूनपासून वजनासाठीच्या मात्रेतले सेमाग्लुटाइड, अशी दोन आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शने भारतात आली. त्यांपैकी एक मी पाच महिने घेतले. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभी होते, डब्यात चकल्या होत्या आणि मला त्यांच्याविषयी काहीही वाटत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा डोक्यात शांतता होती. आधी आश्चर्य वाटले, मग आनंद, आणि मग असा संताप आला की, मी खुर्चीत बसून रडले. म्हणजे बाकीची माणसे अशी जगतात! ज्याला ते संयम म्हणतात तो त्यांना फुकट मिळालेला असतो, आणि तो आपल्याकडे नाही म्हणून मी चाळीस वर्षे स्वतःला कमी लेखत आले. नऊ किलो वजन उतरले. पण उलट्या आणि पोटदुखी थांबेनात, म्हणून डॉक्टरांनी औषध बंद केले. शांतता गेली आणि वजन परतू लागले. हे माझ्या एकटीचे नाही. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत येतो, असे २०२२ च्या अभ्यासात दिसले आहे.

तेव्हा 'हा सोपा मार्ग झाला' असे जे म्हणतात, त्यांना माझे उत्तर तयार आहे. आधी दोन आठवडे यकृत आक्रसावे म्हणून जवळजवळ द्रव आहार. नंतर पुन्हा द्रव, मग पातळ, मग मऊ. जेवताना पाणी नाही. घास बारीक चावून, प्रथिने आधी. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर. टाक्यांच्या रेषेतून गळती होण्याचा धोका थोडा पण खरा, आम्लपित्त वाढण्याचा त्याहून जास्त. काही वर्षांनी वजन काही अंशी परत येऊ शकते. जीव जाण्याचा धोका अगदी कमी आहे, पण शून्य नाही. आणि एवढे करून मी सडपातळ होणार नाही. साधारण पाव हिस्सा वजन उतरले तर ८८ च्या आसपास येईन, तेव्हाही डॉक्टरांच्या कोष्टकात स्थूलच राहीन. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाचा २०२० मधला निष्कर्ष मी अनेकदा वाचला : शस्त्रक्रिया झालेले स्थूल लोक न झालेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षे अधिक जगले, तरीही सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षे कमी. चमत्काराचे आश्वासन कुठेही नाही. तीन वर्षे आहेत. आईला तीन वर्षे मिळाली असती तर तिने नात पाहिली असती.

मग सही का होत नाही?

रुग्णालयात शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे लागते. त्या माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. त्यांनी विचारले, 'मॅडम, खाणं तुमच्यासाठी काय आहे?' या विषयावर मी तासभर व्याख्यान देऊ शकले असते, तिथे मात्र शब्द फुटेना. आई प्रेमाची भाषा बोलत नसे. ती वाढत असे. परीक्षेत कमी गुण पडले तर गरम भाकरीवर लोण्याचा गोळा यायचा, लग्न ठरले तेव्हा पुरणपोळी आली, वडील गेले त्या वर्षी ती आम्हाला न बोलता नुसती वाढत राहिली. 'अजून अर्धी घे' हे तिचे वाक्य मला 'तू माझी आहेस' असे ऐकू येते. आता माझ्या पोटातली ती जागाच कापून काढायची, जिथे 'अजून अर्धी' मावत असे. पुरणपोळीचा एक घास पुढेही खाता येईल, हे मला ठाऊक आहे. पण पंगतीत बसून वाढणारणीला 'पुरे' म्हणायचे, तेही दुसऱ्याच घासाला, ही मला आईला दिलेली पाठ वाटते. हे तर्कशुद्ध नाही. मी तज्ज्ञबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी लिहिणे थांबवले आणि म्हणाल्या, 'तुम्हाला शोक करायला वेळ लागेल, तो घ्या.' शोक हा शब्द मला कोणत्याही साठ्यात सापडला नव्हता.

दुसरी भीती सांगायला संकोच वाटतो. वजन उतरल्यावर लोक कौतुक करतील. 'किती छान दिसता आता!' त्या 'आता'मध्ये आधीच्या अठ्ठेचाळीस वर्षांविषयीचे मत असेल. त्या जाड बाईने पीएच.डी. केली, मूल वाढवले, शेकडो मुलांना वाचायला शिकवले, जिने चढताना दर मजल्यावर सूचनाफलक वाचण्याचे नाटक करून श्वास घेतला. तिचा पराभव झाला म्हणून ही दुसरी आली, असा अर्थ कोणी काढला तर मला तिची बाजू घ्यावी लागेल. देहाचा तिरस्कार करून तो बदलायचा नाही, हे मी ठरवले आहे. चश्मा लावताना डोळ्यांचा तिरस्कार कुणी करत नाही.

गेल्या रविवारी फाइल बाहेर काढली. अहो म्हणाले, 'तू ठरवशील ते, पण मी रजा टाकलेली आहे.' माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. संमतिपत्र तिने सगळे वाचले, परिशिष्टासकट. तिची अंगकाठी माझ्याकडची, म्हणजे आईकडची. साक्षीदाराच्या रेघेवर बोट ठेवून तिने विचारले, 'आई, मलाही कधी हे करावं लागेल का गं?'

'चल, काहीतरीच काय!' असे म्हणून मी हसू शकले असते. आमच्या घरात तीच रीत आहे. मी तिला चरकाचा बीजस्वभाव सांगितला, आजीची मालगाडी सांगितली, ती कशी मध्येच थांबायची तेही सांगितले. म्हटले, लागेल किंवा लागणार नाही, आज सांगता येत नाही. पण तुझी झोपेची आणि साखरेची तपासणी आपण वेळेवर करू, आणि लागलेच तर तुला माझ्यासारखी वीस वर्षे लाजत घालवावी लागणार नाहीत. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पेनाचे टोपण काढले आणि पेन माझ्यापुढे धरून म्हणाली, 'आधी तुझी.'